तळहाताएवढे रबर

जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. दाट जंगल, मधूनच एखादे खेडे आणि एका टेकडीवर न्युर्बुर्ग नावाचा जुना पडका किल्ला. या किल्ल्याला वळसा घालणारा शर्यतीचा एक रस्ता १९२७ साली बांधून पुरा झाला. लांबी २०.८ किलोमीटर, वळणे सत्तरहून अधिक, चढ-उतार जवळजवळ तीनशे मीटरचा. त्याचे नाव नॉर्डश्लायफे, म्हणजे उत्तरेकडचा फेरा. १९७६ साली निकी लाउडाला त्याच्या सहस्पर्धकांनी जळत्या गाडीतून बाहेर ओढले ते याच रस्त्यावर, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनने या रस्त्याकडे पाठ फिरवली ती कायमची. रस्ता मात्र ओस पडला नाही. साधारण मार्च ते नोव्हेंबर या काळात ठरावीक संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तो कोणालाही खुला असतो. नाक्यावर एका फेरीचे पैसे भरायचे, अडसर वर जातो आणि आपण आत. कायद्याच्या दृष्टीने तो त्या वेळी एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता असतो. म्हणून वाहतुकीचे नियम लागू, गाडीला नंबरप्लेट हवी आणि टायरही सार्वजनिक रस्त्यावर चालणारेच हवेत. शर्यतीचे नक्षीविरहित, गुळगुळीत टायर तिथे चालत नाहीत.

ही शेवटची अट वाचायला किरकोळ वाटते. प्रत्यक्षात अडसराबाहेरच्या वाहनतळावर माणसे उकिडवी बसून बोलत असतात ती तिच्याविषयीच. कोणी हवेचा दाब मोजत असतो, कोणी टायरच्या कडेवरून अंगठा फिरवत असतो, कोणी शेजारच्या गाडीच्या चाकावरची अक्षरे मान वाकडी करून वाचत असतो. यातला बहुतेक वर्ग व्यावसायिक नव्हे. आठवडाभर कचेरीत किंवा कारखान्यात काम करायचे, जमवलेल्या पैशातून एखादी छोटी दोन आसनांची गाडी घ्यायची आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ती मनसोक्त पळवायची, असा हा हौशी कारभार. इंग्लंडात याच हौसेला 'ट्रॅक डे' म्हणतात. तिथे सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, कॅसल कूम अशा मार्गांवर, जे मुळात युद्धकाळातले विमानतळ होते, दिवसाचे शुल्क भरून आपली गाडी चालवता येते. बहुतेक ठिकाणी घड्याळ लावायला मनाई असते आणि पुढच्याने खूण केल्याशिवाय त्याला ओलांडायचे नसते. म्हणजे ही शर्यत नव्हेच. जिंकायचे काही नाही, बक्षीस नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, टायर कोणता घ्यावा हा प्रश्न इथे शर्यतीपेक्षा अवघड होऊन बसतो. शर्यतवाल्याला एकच काम करणारा टायर लागतो. हौशी माणसाचा टायर त्याला घरून मैदानापर्यंत नेतो, दिवसभर तिथे भाजून निघतो आणि रात्री पावसातून घरी आणतो.

उदाहरणादाखल या हौशी मंडळींची सर्वांत लाडकी गाडी घेऊ. माझ्दा एमएक्स-५. १९८९ साली ती प्रथम लोकांसमोर आली. वजन जेमतेम हजार किलो, ताकद बेताची, पण चालवणाऱ्याच्या हातात विरघळून जाणारी. माझ्दाचे अभियंते तिच्याबद्दल बोलताना 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग करतात. घोडा आणि स्वार एक होणे, असा त्याचा अर्थ. मांड पक्की बसली, असे आपण म्हणू. आता या घोड्याच्या टापा किती मोठ्या असतात ते पाहा. हजार किलो चार चाकांवर वाटले तर प्रत्येकावर अडीचशे किलो. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा दाब. भागाकार केला की प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला ठसा १२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. एक साधा मोठा कागद घ्या. त्यावर चारही ठसे मावतात. ताशी दीडशे किलोमीटरने वळणात शिरलेली गाडी आणि तिच्यातला माणूस एवढ्या कागदावर उभा असतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती नवखे हमखास विसरतात. वजन तेच आणि हवा तीच असेल तर टायर रुंद केल्याने ठशाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, त्याचा आकार तेवढा बदलतो. लांबट ठसा आडवा होतो. वळणात त्याचा फायदा आहेच. पण हलक्या गाडीला फार रुंद टायर चढवले तर ते पुरेसे तापतच नाहीत, आणि न तापलेले चिकट रबर साध्या रबराहून बरे असते असे नाही. शिवाय रुंद टायरसाठी मोठी रिम, मोठ्या रिमसाठी मडगार्ड वाकवणे, मग स्प्रिंगा बदलणे. नालेसाठी घोडे घेण्याचा प्रकार तो हाच.

रबर रस्त्याला धरते ते दोन प्रकारे. एक म्हणजे ते रस्त्याच्या खडबडीत दाण्यांमध्ये दबून बसते आणि सुटताना ऊर्जा गिळते. दुसरे, अगदी सूक्ष्म पातळीवर ते खरोखरच पृष्ठभागाला चिकटते. दोन्हींसाठी रबर मऊ हवे आणि विशिष्ट तापमानाला हवे. थंड असेल तर लाकूड, फार तापले तर लोणी. आणि आणखी एक विचित्र अट अशी की, पकड मिळण्यासाठी टायरला थोडे घसरावेच लागते. वळताना चाक जिकडे तोंड करून असते आणि गाडी जिकडे जात असते यांत काही अंशांचे अंतर पडते. हे अंतर वाढते तशी पकड वाढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरू लागते.

ती कशी उतरते, यावर माझ्या मते टायरची निवड व्हायला हवी. काही टायरांचा माथा पठारासारखा असतो. टोक ओलांडले तरी उतार हलका, मागे फिरायला वेळ मिळतो. काहींचा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा: चढत चढत छान उंचीवर नेतात आणि पुढचे पाऊल थेट हवेत. जाहिरातीत आणि वाहनतळावरच्या गप्पांत मोजली जाते ती उंची. हौशी माणसाच्या जिवाशी संबंध येतो तो उताराशी.

टोयोटाने २०१२ साली '८६' नावाची छोटी स्पोर्ट्स गाडी काढली तेव्हा या प्रश्नाला मोठे मासलेवाईक उत्तर दिले. तिच्यावर मिशेलिनचे प्रायमसी एचपी टायर बसवले होते. ते स्पोर्ट्स टायर नव्हेतच. टोयोटाच्या इंधन वाचवणाऱ्या प्रियसलाही ते लागत. मासिकांनी 'प्रियसचे टायर' म्हणून टवाळी केली, अनेकांनी गाडी घरी आणताच ते काढून टाकले. पण कंपनीने ते जाणूनबुजून दिले होते. पकड बेताची असली की गाडी कमी वेगातच घसरू लागते, आणि घसरणे म्हणजे काय हे चालवणाऱ्याला साठ किलोमीटरच्या वेगाला शिकता येते, एकशेवीसला नव्हे. आखाड्यात नवख्या पोराला पहिल्याच दिवशी हिंदकेसरीच्या अंगावर घालत नाहीत, तसेच हे.

यावर वाहनतळावरचे ठरलेले उत्तर असे: पकड जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त. सार्वजनिक रस्त्यावर, अचानक ब्रेक लावण्याच्या प्रसंगी, ते खरे आहे. बंदिस्त मार्गावर ते अर्धे खरे, कारण तिथे माणूस मिळालेली पकड राखून ठेवत नाही, वेगात खर्च करून टाकतो. चिकट टायर लावल्यावर जे वळण शंभरने घेत होता ते तो एकशेदहाने घेतो. वेगातली वाढ दहा टक्के, पण गाडीतली ऊर्जा वाढते एकवीस टक्के, आणि चूक झाली की ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नॉर्डश्लायफेवर लोखंडी कठडे रस्त्याला बिलगून आहेत. मोडलेल्या कठड्याचे बिलही चालकालाच येते. शिवाय वाढलेला भार ब्रेक, बेअरिंग आणि इंजिनातल्या तेलावर पडतो तो वेगळाच.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. दुकानदार आणि मित्र दोघेही एक आकडा सांगू लागतात: 'दोनशे' किंवा 'तीनशे'. हा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो आणि तो अमेरिकी सरकारच्या नियमातून आला आहे. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाच्या आसपास सार्वजनिक रस्त्यांवर ठरावीक फेरा घालत ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किलोमीटर, टायर चालवले जातात. सोबत एक प्रमाण टायर असतो. त्याच्या तुलनेत झीज किती, यावरून आकडा ठरतो. १०० हा पाया, २०० म्हणजे दुप्पट टिकणारा, असा हिशेब. चाचणी कंपनी करते, आकडाही कंपनीच छापते. नियमाचा हेतू साधा होता: ग्राहकाला टिकाऊपणाचा अंदाज यावा.

पण अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांच्या संघटनांनी या आकड्याचा भलताच उपयोग केला. शर्यतीचे टायर 'रस्त्याचे' म्हणून कोणी घुसवू नयेत यासाठी त्यांनी अनेक गटांत किमान २००ची अट घातली. झाले. २०० छापलेले, पण स्वभावाने शर्यतीचे, असे टायर बनवण्याची चुरस लागली. योकोहामाचा ए०५२, ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस, फाल्कनचा आरटी६६०, हँकूकचा आरएस४, या सर्वांवर २००च छापलेले असते. त्यातला ए०५२ लवकर तापतो, दोन-तीन फेऱ्या अद्भुत पकड देतो आणि मग स्वतःच्याच उष्णतेने ढेपाळू लागतो, झिजतोही भराभर. आरएस४ला तापायला वेळ लागतो, शिखर किंचित बुटके, पण दिवसभर तसाच चालत राहतो आणि कितीतरी जास्त टिकतो. एकाच आकड्याखाली हे दोघे नांदतात. आपल्याकडे दाखल्यावरच्या वयात आणि खऱ्या वयात फरक असलेली माणसे प्रत्येकाला माहीत असतात, तेव्हा यात फार नवल वाटायला नको.

या टायरांच्या खालच्या पायरीवर मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस आणि त्याच्या जातीचे टायर येतात. आकडा ३००, नक्षी खोल, पावसात उत्तम, थंडीत पहिल्या वळणालाही भरवशाचे. वरच्या पायरीवर टोयोचा आर८८८आर आणि तत्सम टायर: आकडा १००, नक्षी नावापुरती, कायद्याने रस्त्यावर चालतात इतकेच. पहिली एक-दोन वर्षे खालच्या पायरीवरच काढावीत असे मी म्हणेन. नंतर आरएस४सारखा सोशिक टायर घ्यावा. ए०५२ त्याने घ्यावा ज्याच्यामागे कोणी घड्याळ घेऊन उभा आहे आणि ज्याला दोन फेऱ्यांतच काम उरकायचे आहे. आर८८८आर लावून दोनशे किलोमीटर दूरच्या मैदानावर जायचे असेल तर आधी आभाळाकडे पाहावे.

खालच्या पायरीची आणखी एक खुबी म्हणजे ती बोलकी असते. मर्यादा जवळ आली की साधा स्पोर्ट्स टायर आधी कुजबुजतो, मग ओरडतो, मग किंचाळतो. नवख्याला हा आवाज अपयशासारखा वाटतो. खरे तर तो फुकटचा गुरू आहे. चिकट टायर बराच वेळ मुका राहतो, आणि आधी स्टिअरिंगमध्ये येणारी बारीक चाहूल ज्याला कळत नाही त्याला काहीच कळत नाही. आजचे टायर या बाबतीत पूर्वीइतके दगाबाज राहिलेले नाहीत, हे मान्य. तरी मुकेपणा आहेच.

या सर्वांहून जास्त दुर्लक्ष होते ते हवेकडे, आणि धोका खरा तिथे आहे. हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेत शिकलेले. वीस अंश तापमानाला ३० पौंड भरलेल्या टायरमधली हवा मैदानावर ऐंशी अंशांवर गेली की दाब ३९ पौंडांवर जातो. टायर फुगतो, मधला पट्टाच टेकू लागतो, गाडी तरंगल्यासारखी वाटते. म्हणून मंडळी दर फेरीनंतर थोडी हवा सोडतात आणि गरम असताना ३२वर आणून ठेवतात. इथवर सगळे बरोबर. पुढे दिवस मावळतो, सामान आवरले जाते, आयफेलमध्ये संध्याकाळी गारठा पडतो. दहा अंशांवर आलेल्या त्याच टायरमध्ये आता २३ पौंडांच्या आसपासच हवा उरलेली असते.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक सूत्र मांडले होते. साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर कोणत्या वेगाला जमीन सोडून तरंगू लागतो, हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. ३२ पौंडांना तो वेग ताशी ९४ किलोमीटर येतो, २३ पौंडांना ८० किलोमीटर. नव्या टायरची खोल नक्षी पाणी बाहेर फेकून ही मर्यादा पुष्कळ वर नेते. पण दिवसभर मैदानावर झिजलेल्या, आधीच उथळ नक्षीच्या टायरपाशी ती सवलत थोडीच उरते. जर्मनीत कायदा १.६ मिलिमीटर नक्षी पुरेशी मानतो. कायदा पुरेशी मानतो म्हणून पाणी मानत नाही.

यात एक दुष्ट योगायोग आहे. कोरड्या रस्त्यावर टायर झिजतो तसा चांगला होत जातो. नव्या टायरची उंच नक्षी वळणात डगमगते आणि त्या डगमगण्यानेच जास्त तापते. झिजून ती बुटकी झाली की टायर घट्ट, नेमका वाटू लागतो. म्हणजे चालकाचा विश्वास जेव्हा सर्वांत वाढलेला असतो, नेमका तेव्हाच तो टायर पावसात सर्वांत निकामी झालेला असतो. 'आज काय मस्त चालले टायर' असे म्हणत माणूस मोटारमार्गाला लागतो आणि पहिली सर येते. म्हणून गाडीत पायपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप असणे हे मला कोणत्याही टायरच्या नावापेक्षा महत्त्वाचे वाटते. निघण्यापूर्वी टायर गार होऊ द्यायचे, कंपनीने सांगितलेला दाब भरायचा आणि मगच फाटकाबाहेर पडायचे. ज्यांना परवडते ते दुसरी चार चाके घेऊन येतात. एमएक्स-५च्या डिकीत ती मावत नाहीत, मग छोटा ट्रेलर जोडला जातो, आणि 'साधीशी गाडी, साधीशी हौस' हे मूळ वाक्य हळूहळू मागे पडते.

खर्चाचा उरलेला भाग चाकाच्या कलण्याशी बांधलेला आहे. वळणात गाडी झुकते आणि टायर बाहेरच्या कडेवर रेलतो. कारखान्यातून आलेल्या गाडीची चाके जवळजवळ सरळ उभी असतात. अशाने बाहेरची कड एक-दोन दिवसांत गोटा होते आणि बाकीचा टायर नवाकोरा राहतो. चाकांचा वरचा भाग दोन-अडीच अंश आत कलवून घेतला तर तोच टायर पुष्कळ जास्त दिवस निघतो. तेव्हा महाग टायर घेण्याआधी अलाइनमेंटवाल्याकडे जाणे स्वस्त पडते. टायरच्या कडेला खडूची रेघ मारून एक फेरी मारायची आणि रेघ कुठवर पुसली गेली ते पाहायचे, ही जुनी युक्ती आजही उत्तम आहे. आणि जुने टायर स्वस्तात मिळाले तर कडेवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी वयाने आणि वारंवार तापून-निवून रबर कडक झालेले असते. नखाने दाबून पाहिले तरी फरक कळतो.

आपल्याकडे ही हौस अजून मूठभरांची आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग १९९०पासून आहे, ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरजवळचा कारी मार्ग २.१ किलोमीटरचा. पुण्याहून चेन्नईला जायचे तर पावणेबाराशे किलोमीटर, तेवढेच परत. जर्मन माणसाला संध्याकाळच्या सरीची काळजी, तर आपल्या माणसाला दोन दिवसांच्या प्रवासाची, खड्ड्यांची आणि खंबाटकी घाटातल्या पावसाची. एमएक्स-५ भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, आणि टायरांची गतही फारशी वेगळी नाही. २०२० साली केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली, त्यामुळे वर सांगितलेली जपानी-कोरियन नावे बहुतेकांना ऐकूनच ठेवावी लागली. पण हवामानाचा विचार केला तर यात फारसे बिघडले असे वाटत नाही. चेन्नईच्या उन्हात डांबर इतके तापते की आयफेलमध्ये धड गरम न होणारा टायरही तिथे सकाळच्या पहिल्या सत्रात जागा होतो, आणि जो तिथे लवकर जागा होतो तो इथे दुपारपर्यंत लोणी झालेला असतो. मर्यादित पकडीचा, खोल नक्षीचा, उन्हात न वितळणारा स्पोर्ट्स टायर आपल्या दुकानात मिळतो. सकाळी सहाला, गाडी सावलीत गार असताना हवा मोजावी. दिवसभर जेवढी सोडली त्याची वहीत नोंद ठेवावी. संध्याकाळी श्रीपेरुंबुदूरच्या पहिल्या पेट्रोलपंपावर तेवढी परत भरायची असते.